सॅम्पल संपल्यावर

३ जून
लागलो एकदाचा कामाला! व्हिडिओ गेमना संगीत देणारी कंपनी म्हणे. प्रत्यक्षात दोन खोल्या आणि गोड हसणारा एक ढ मालक. तरी खूश आहे. आतली खोली माझ्या एकट्याची. अजून जुन्या ट्रॅकरवरच गाणी करतात: पडद्यावर आकड्यांच्या रांगा सरकतात, तसं गाणं वाजतं. मालकाने मला, मला, ऑफसेट शिकवला! नऊ लिहून पुढे आकडा टाकला की सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज, सुरुवातीऐवजी मधूनच वाजतो; आकडा मोठा, तितका पुढून. माशाला पोहायला शिकवतोय.

सॅम्पल एकच, पुरुषी आवाजातला लांबलचक ‘आऽऽ’. बाहेरच्या खोलीत जो टपाल लावत बसतो, त्या माणसाचा. पूर्वी तो माझ्या जागी होता. घसा बसला तो कायमचा. मी त्याचं नाव ठेवलं गप्पूशेठ.

५ जून
‘आऽऽ’चे तुकडे पाडून चाल जमवत होतो. एक आकडा चुकून सॅम्पलच्या शेवटापलीकडचा पडला. तिथे शांतताच हवी. ऐकू आलं, ‘ढ’. माझ्याच आवाजात! मालकाची पाठ वळल्यावर पुटपुटलो होतो, अगदी तसं. माइक चालू राहिला असणार. भंगार सगळं.

घरी आक्काला मालकाची नक्कल करून दाखवताना तो शब्द काही केल्या तोंडातून फुटेना. ती म्हणाली, बरं झालं, देवानेच जीभ धरली. बावळट आहे आमची आक्का. तसं तिला तोंडावरच म्हणालो.

६ जून
खोलीत माइकच नाही.
आकडा वाढवला: ‘बावळट’. आणखी वाढवला: ‘गप्पूशेठ’. ऐकला की शब्द गेलाच. लिहिता येतो, बोलता येत नाही.
गप्पूशेठ धावत आला, वायर उपटली. मी ढकलून दिलं त्याला. शिवी घालायला तोंड उघडलं, तर नुसती हवा. तो आपल्या घशावर हात ठेवून रडत होता. नाटकी मेला.

९ जून
आज हातही लावला नाही. नऊचे आकडे आपले आपण भरतायत. ‘पाणी’ गेलं. ‘नको’ गेलं —
नोकरी सोडतो असं मालकाला लिहून दाखवलं. तो तसाच गोड हसला. म्हणाला, थोडंच राहिलंय, सुंदर होतंय.

१० जून
आक्काला हाक मारता येईना. घाबरली ती.
कामावर येऊन यंत्र फोडायला खुर्ची उचलली. स्पीकरमधून मीच किंचाळलो, ‘दुखतंय!’
खुर्ची खाली ठेवली —

११ जून
आतल्या खोलीचं दार बाहेरून बंद. आक्का शोधत आलीय. मुठी आपटतोय — स्पीकरचा आवाज त्याहून मोठा.
ती विचारतेय, “येतोस ना रे घरी?”
माझ्याच अक्षरांचे तुकडे जोडून तो म्हणाला, “तू हो पुढे, आक्का. फार टाकून बोललो तुला. माफ कर.”
मी नाही म्हटलं हे. कधीच नव्हतो म्हणालो —
आक्का रडतेय. म्हणतेय, आज भरून पावले रे.
पावलं. चालली. आक्का, तो मी नाही, मी इथे, मी