गावात श्रीमंत कुणी नाही

१२ मार्च
आजपासून रोजनिशी. अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने विचार वाया घालवू नयेत. पोलादपूरच्या या डोंगरात साधेपणाने राहायचं म्हणून बंगला बांधला. दुमजली आहे, पण साधा.
सकाळी ठमाबाई भांडी घासायला आली. तिचं घर आमच्या बरोबर खाली, उताराच्या पायथ्याच्या वाडीत. म्हणाली, "सर, तुमच्या रस्त्याखाली भेग पडलीय. हात जातो आत." गाडी वर यावी म्हणून मी डोंगर थोडा कापून घेतला, त्याचा भेगेशी संबंध नाही. उन्हाने जमीन तडकतेच. तिला शास्त्र समजावलं. "बरं," म्हणाली आणि भांडी आपटली.

१६ मार्च
देवळात गावकीची सभा. पावसाआधी उताराला भिंत बांधायची. अध्यक्ष सोनबा म्हणाले, रिवाजाप्रमाणे दर चुलीमागे सारखी पट्टी काढू. मी उठलो. म्हणालो, ज्याच्या डोक्यावर पत्रा आणि ज्याच्या डोक्यावर स्लॅब, त्यांची पट्टी सारखी? हा न्याय नव्हे, हा दरोडा! ज्याने जास्त मिळवलं त्याने जास्त दिलंच पाहिजे! पाऊण तास बोललो. टाळ्या. ठराव मंजूर: चुलीची कमाई पाहून पट्टी.
सोनबा म्हणाले, "मंग सर, तुमच्यापासनंच सुरवात करू." सगळे हसले. मीही हसलो. विनोद असावा.

१९ मार्च
विनोद नव्हता. आकडा आला. पेन्शन, महाडच्या गाळ्यांचं भाडं, सगळं धरलंय. मी श्रीमंत? श्रीमंत म्हणजे ज्याच्याकडे आपल्यापेक्षा जास्त आहे तो. ही व्याख्या सभेत मांडायची राहून गेली. माझ्या डोळ्यांसमोर राजेश होता, एमआयडीसीच्या कामगारांसाठी बस लावणारा.
विनोदिनी म्हणाली, "अहो, देऊन टाका. भाषण तुमचंच होतं ना?" आयुष्यभर मुख्याध्यापिका होती, तरी तत्त्व आणि अंमलबजावणी यांतला फरक तिला कळत नाही.

२५ मार्च
मार्ग सापडला! पट्टी चुलीवर आहे, माणसावर नाही. गावकीला कळवलं, आमच्या घरात चार चुली: मी, विनोदिनी, पुण्यातला मुलगा गंधार, महाडची मुलगी ईरा. कमाई चौघांत वाटली की प्रत्येक चूल गरीब. याला चुकवणं म्हणत नाहीत, नियोजन म्हणतात.
सोनबांनी विचारलं, "वहिनी आन तुम्हीपण वेगळे?" हो म्हणालो. रिवाजाप्रमाणे देवापुढे नारळ फोडून तसं सांगावं लागलं. नारळ नासका निघाला. दुकानदाराला झापलं पाहिजे.

२६ मार्च
विनोदिनीने एकटीपुरता भात लावला. माझं ताट विचारलं तर म्हणाली, "तुमची चूल वेगळी. काल देवासमोर सांगून आलात." शिवाय स्वतःच्या पेन्शनवरची पट्टी नेऊन भरली. पूर्ण! संध्याकाळी बिस्किटं खाल्ली.
संकल्प: स्वयंपाक शिकणे. स्वावलंबन.

४ एप्रिल
डाळ करपली.
महाडला व्याख्यान. विषय: श्रीमंतांवर जास्त कर हवा का? हवाच! म्हणालो, श्रीमंत माणूस कर टाळतो तेव्हा तो गरिबाच्या घराचा वासा उपसून नेतो. सभागृह स्तब्ध. मलाही गहिवरून आलं. शाल मिळाली.
परतताना बंगल्याच्या वळणावर रस्त्याची कड चाकाखाली किंचित बसली. टायरमध्ये हवा कमी असावी.

१८ एप्रिल
संताप! राजेशने सहा चुली दाखवल्या. त्यातली एक नालासोपाऱ्याच्या काकाची, जो गावात गणपतीलासुद्धा येत नाही. भर सभेत म्हणाला, "सरांनीच तर वाट दावली." मागोमाग स्लॅबच्या प्रत्येक घराने चुली फोडल्या. देवळात नारळांचा खच.
सोनबा म्हणाले, "आता गावात श्रीमंत कुणीच नाय. पट्टी घ्यायची कोणाकडनं?"
काय ही नैतिक घसरण! यावर लेख लिहायचा. खालच्या वाडीने मात्र पट्टी पूर्ण भरली. ठमाबाईने कोंबड्या विकल्या म्हणे. त्या लोकांना ठरावाचा अर्थ नीट समजलेला दिसत नाही.

३० एप्रिल
पैसे पुरले नाहीत. ठेकेदार वाट पाहून जेसीबी कशेडी घाटातल्या कामावर घेऊन गेला. लेख अजून सुरू नाही, खिचडीत वेळ जातो.
ठमाबाई म्हणाली, "भेगेत आता काठी जाते, सर. तळाला वाजत नाय." पावसाचा टिपूस नसताना झऱ्याचं पाणी गढूळ येतंय. रस्त्याकडेचा विजेचा खांब वाकलाय. मुळातच वाकडा रोवला असणार.
संकल्प: भेगेकडे न बघणे. मन विनाकारण अस्वस्थ होतं.

१४ मे
काल वळीव झाला. आज तहसील कचेरीतून अधिकारी आले. भेग पाहिली, फोटो काढले. त्यांनी मोटारसायकल पार पलीकडे, वडाखाली उभी केली होती. वर चहाला या म्हणालो. हात जोडून तिथूनच गेले. शासनाला व्यासंगी माणसांची कदर नाही.

१९ मे
खालची वाडी उठली. ठमाबाई गाठोडी बांधून वरंधला लेकीकडे निघाली. सोनबांनी तिची पट्टी परत दिली, ती तिने मोजलीही नाही. विनोदिनीला म्हणाली, "वहिनी, तुम्हीपण निघा गो."
विनोदिनीने बॅग भरली. ईराकडे चाललीय. "येताय?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, घाबरून पळणं हे विचारवंताचं काम नाही. धोका खालच्या घरांना होता, आपण वर आहोत. तिने बॅगेची चेन ओढली. मग रिक्षा आली.

२३ मे
स्वयंपाकघराचं दार लागेना. दमट हवेने लाकूड फुगतं. धोंडू सुतार आला. रंधा पिशवीतून काढलाच नाही. आधी चौकटीला ओळंबा लावला, मग भिंतीला, मग पुन्हा चौकटीला. म्हणाला, "दार नीट हाय, सर. घर फिरलंय." मजुरी घेतली नाही. जिना उतरताना भिंतीला हात लावला नाही.
सोनबांना फोन केला. उताराची भिंत ताबडतोब हवी. म्हणालो, माझा ठराव घाईचा होता. दर चुलीमागे सारखी पट्टी हाच खरा रिवाज, गरीब-श्रीमंत भेद गावाला शोभत नाही.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, त्या उतारावर चुली किती उरल्या?"
गॅलरीतून पाहिलं. खाली कुठेच धूर नाही.
एक, मी म्हणालो.
"मंग भरा."
ठेकेदाराला फोन लावला. सगळा खर्च मी एकटा देतो म्हणालो. लागेल तेवढा. दुप्पट.
तो म्हणाला, "सर, पैशाचं काम होतं ते मार्चात. आता त्या उताराखाली माणूस कोण उभा करणार?"