काळ्या करकोच्याची अपुष्ट नोंद

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे सध्या आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतात, उरलेली तीन मनाने टेकली आहेत असं समजावं.) तुमचा खोकला कसा आहे? मामींचा गुडघा? इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुम्ही आमच्याकडे आठवडाभर राहून गेलात त्याला महिना झाला. तुमच्या मुक्कामातच जे सुरू झालं ते तुमच्यापासून लपवलं होतं. आता सांगतो. फोनवर सांगणार होतो, पण माझा आवाज फुटतो आणि तुमची सून, म्हणजे आमची ही, मागून हसते.

तुम्हाला ठाऊकच आहे, गेली एकवीस वर्षं मी रोज सकाळी साडेसहाला तलावावर जातो, पाण्यात रोवलेल्या पट्टीवरचा आकडा वाचतो, नोंदवहीत लिहितो आणि पानाचा फोटो पंपघराला पाठवतो. पाणीखात्यात याला 'पातळी घेणं' म्हणतात. रोज पाण्याकाठी असतो, या एकाच गुणावर पक्षिमित्र मंडळाने अकरा वर्षांपूर्वी मला चिटणीस केलं. उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी उतरतं, काठचा चिखल उघडा पडतो आणि लांबलांबचे पक्षी येतात. त्या दिवसांत आपल्या परिसरात कोणी काय विशेष पाहिलं याची मंडळ एक पुस्तिका काढतं. ती मी लिहितो. अक्षर माझं, पक्षी लोकांचे. अकरा पुस्तिकांत मिळून माझ्या नावावर एकही विशेष नोंद नाही. बगळे मोजायचे असले की मात्र सगळ्यांना माझी आठवण येते.

यंदा तर कहर झाला. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना दवाखान्याच्या खिडकीतून हळद्याची जोडी घरटं बांधताना दिसली. (रोगी तोंड उघडं ठेवून पाऊण तास बसला होता. त्यालाही दिसली. त्याचीही नोंद झाली.) शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर नीलपंख येऊन बसला, तेही निळ्या ब्लाउजशेजारी, म्हणून तो आधी कोणाला दिसलाच नाही. माझ्या सासूबाई, ज्यांना वर्तमानपत्रातला मथळा दिसत नाही, त्यांनी अंगणात हुदहुद पाहिला आणि तुरा किती वेळा उभा केला तेही मोजून सांगितलं. राहता राहिली तुमची सून. तिला पक्ष्यांचं काडीचं प्रेम नाही. मोरीच्या भिंतीवर कोणी मळका बोळा टाकला म्हणून ती तो झाडूने ढकलायला गेली, आणि बोळ्याने डोळा उघडला. रातवा! तज्ज्ञ मंडळी आयुष्यभर शोधतात तो रातवा! ती नोंद मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शाईने लिहिली. 'निरीक्षक' या शब्दापुढे बायकोचं नाव लिहिताना मला जे वाटलं ते कोणाही नवऱ्याच्या वाट्याला येऊ नये.

आणि मग तो मंगळवार आला. मी पट्टीपाशी वाकलो होतो. सहज मान वर केली तर पलीकडच्या काठाला, लव्हाळ्यांत, काळा करकोचा. काळीकुट्ट पाठ, पांढरं पोट, एवढा थोरला. आपल्या तलावावर आजवर कधी न आलेला. मामा, मी हललो नाही. खोकला आला तो गिळला. सात मिनिटं तो होता, सात मिनिटं जगात आम्ही दोघंच होतो. मग तो उडाला. घाईघाईने समोर होती ती वही उघडली आणि लिहून मोकळा झालो. वही खात्याची होती. पातळीच्या रकान्यात मी 'एक' लिहिलं (एकच होता म्हणून; पक्ष्याच्या नावाला त्या वहीत रकानाच नाही), आणि पातळी, जी अकरा पूर्णांक चार मीटर होती, ती कुठेच लिहिली नाही. सवयीप्रमाणे पानाचा फोटो पंपघराला पाठवला.

पंपघरातला माणूस फार नेमाचा. पातळी तीन मीटरच्या खाली गेली की पंप बंद, असा नियम भिंतीवर लावलेला आहे. त्याने भिंतीकडे पाहिलं, 'एक' पाहिलं आणि सातच्या ठोक्याला सगळे पंप बंद केले. त्याने मला पुन्हा विचारायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतात. तो म्हणतो, एकवीस वर्षांत यांचा आकडा कधी चुकला नाही, कशाला विचारू? याहून मोठी स्तुती मला नोकरीत मिळालेली नाही, आणि ती चौकशीत मिळाली.

मी मात्र सायकल हाणत थेट दवाखान्यात. डॉक्टरांनी एका गृहस्थांच्या तोंडात कवळीच्या मापासाठी गुलाबी लगदा भरला होता. मी दारातूनच ओरडलो, "काळा करकोचा!" डॉक्टरांनी चूळ भरायचा नळ सोडला. नळ दोनदा खाकरला आणि गप्प झाला. "करकोचा राहू द्या," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही पाणीखात्यातले ना? पाणी कुठाय?" मी म्हटलं, तलावात भरपूर आहे, आत्ताच पाहून आलो. ते गृहस्थ लगद्यातून काय बोलले ते कळलं नाही, पण सूर कळला. दुपारपर्यंत सगळं शहर कोरडं. केशकर्तनालयातून फेस लावलेली माणसं रस्त्यावर येऊन एकमेकांकडे बघत होती. (तुमची त्या दिवशी आंघोळ हुकली, आणि मी 'जलवाहिनीचं काम निघालंय' असं तुम्हाला सांगितलं. क्षमा असावी.)

आठवड्याभरात कारणे दाखवा नोटीस आली. आमच्या अभियंता मॅडम माझ्या थोरल्या लेकीच्या वयाच्या, स्वभावाने चांगल्या. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "काका, दोन वर्षं राहिलीत तुमची. 'नजरचुकीने' एवढा एक शब्द लिहा, मी सही करते, विषय संपला."

मी पेन घेतलं. 'नजर' लिहिलं आणि पुढे हात चालेना. मी म्हटलं, "मॅडम, नजर चुकली नव्हती. आयुष्यात एकदाच बरोबर लागली होती."

"मग लिहा काय ते," मॅडम म्हणाल्या आणि पंखा परत फिरवला.

मी खरं ते लिहिलं. दोन दिवसांत बदलीचा हुकूम आला: कार्यालयाचं तळघर, मीटरच्या तक्रारी. खिडकी नाही. एक झरोका आहे, त्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसतात. हुकुमात लिहिलं होतं, 'सदर कर्मचारी कामाच्या वेळी पक्षी पाहण्यात गुंतल्यामुळे'. वाचून मला, खरं सांगतो, आनंदच झाला. खात्याच्या शिक्क्यानिशी पुरावा! तो घेऊन मंडळाच्या पडताळणी समितीपुढे गेलो. समिती म्हणजे डॉक्टर आणि शिवणकामवाल्या बाई. बाईंनी चष्मा लावून हुकूम दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "यात नुसता 'पक्षी' आहे. कोणता ते कुठाय?" सोबत दुसरा साक्षीदार नाही, फोटो नाही. शेरा: अपुष्ट.

अजून संपलं नाही, मामा. माझ्या जागी माणूस मिळेपर्यंत पातळी घ्यायला मॅडम स्वतः जाऊ लागल्या. चौथ्या दिवशी, सकाळी दहा वाजता, त्या तळघराच्या पायऱ्या धावत उतरल्या. चपलांना चिखल, चेहरा उजळलेला. फोन माझ्यापुढे धरला. काळा करकोचा, समोरून, उन्हात, लखलखीत. तलावावर साक्षीला सोबत पंपघरातला माणूसही होता. "काका, हाच ना?" मी म्हटलं, "हाच." मग त्यांनी विचारलं, मंडळात यायचं तर काय करावं लागतं? अर्ज मीच भरून दिला. पुस्तिकेत 'तलावावरील पहिलीच नोंद' मॅडमच्या नावावर आहे. अक्षर माझं. लोक म्हणतात, यंदा पुस्तिका फार देखणी झाली आहे.

मामींना नमस्कार. खोकल्याला आराम पडो.

तुमचा भाचा

ता. क. : सोबत एक छापील फॉर्म जोडला आहे. दुसऱ्या साक्षीदाराची सही मिळाली तर माझी नोंद अजून पुष्ट होऊ शकते, आणि माझा मंगळवार मॅडमच्या आधी येतो. तुम्ही त्या आठवड्यात इथेच होतात. सकाळचे फिरायला म्हणून माझ्यासोबत तलावावर आला होता, एवढंच लिहायचं आहे. जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुली केली आहे. तुम्ही मुख्याध्यापक असताना मला सातवीत गणितात दोन गुणांनी नापास केलंत. त्याबद्दल मी चाळीस वर्षांत अवाक्षर काढलं नाही. आज काढतो आहे.

ता. क. २ : तुमची सून हे पत्र वाचून म्हणते, की त्या मंगळवारी साडेसहाला मामा घोरत होते, ते शेजाऱ्यांनाही ऐकू आलं. घोरण्याचा लेखी पुरावा नाही. तुम्ही निर्धास्तपणे सही करावी.

ता. क. ३ : फॉर्मवर 'चोचीचा रंग' असा रकाना आहे. तो मी रिकामा ठेवला आहे. सातही मिनिटं तो चोच पिसांत खुपसून झोपला होता, पाय लव्हाळ्यांत होते आणि उडाला तो माझ्याकडे पाठ करून. पुस्तकात लाल दिली आहे. तुम्ही लाल लिहावी. माझ्याच्याने लिहवत नाही.