चकचकीत फरशीवर चपला

रविवार, १२ ऑक्टोबर २००८, फ्लॅट बुश

आज माझ्याकडे परदेशी आलेल्या आईला फेरीबोटीने बेटावर, इथल्या जुन्या इंग्रज गव्हर्नरचा सुट्टीचा बंगला बघायला नेलं. आता तिथे म्युझियम आहे. पुण्यात वीस वर्षं बंगल्यांतली धुणीभांडी करून तिने मला शिकवलं, घरातली पहिली पदवी माझी. एकदा तरी तिने पुढच्या दारातून, पाहुणी म्हणून आत जावं, एवढंच मनात होतं.

दारातच तिने चपला काढून हातात घेतल्या.

"आई, घाल त्या. इथे कोणी काढत नाही."

"अगं, फरशी बघ किती लख्ख आहे. पुसणारीचा जीव जातो."

मागचं जोडपं हसलं. मी चिडून म्हणाले, "मोलकरणीसारखी काय वागतेस?"

हे मी बोलले. मी! आणि पाचच मिनिटांनी गाइडला तावातावाने विचारलं, इथे राबणाऱ्या नोकरांची नावं कुठेच का नाहीत? गाइडने माझं कौतुक केलं. मला बरंही वाटलं, शी! आई मागे उभी होती. चपला घालून, टाचा उचलून, जपून.

परतताना बोटीत आईला विचारलं, "आवडलं ना?"

"छान होतं गं." मग जरा वेळाने म्हणाली, "शनिवारी तुझ्या ऑफिसातले लोक जेवायला येणार ना? सगळा स्वयंपाक करून ठेवते. ते आले की मी आतल्या खोलीत बसू का?"

टोमणा असता तर सोसला असता. पण ती खरंच विचारत होती.