मेकॅनिकबाईचा रंग

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, फक्त नोकरी गॅसवर आहे. आमच्या स्टुडिओत एका जपानी कार्टून मालिकेची चित्रं रंगवायला येतात, हे तुला ठाऊकच आहे. अंतराळयान, त्यात अकरा जणांचं पथक. आजवर आमच्याकडे आलेल्या अशा मालिकांत काळं माणूस असलंच तर खलनायक, नाहीतर हसवायला ठेवलेलं. यंदा मात्र यानाची मेकॅनिक चांगली काळी बाई आहे, आणि भल्याभल्यांना शहाणपण शिकवते. ती माझ्या वाट्याला आली म्हणून मी कोण मिरवले! आणि काल जपानहून साठ चित्रं परत आली. तिथल्या दिग्दर्शिकाबाईंनी विचारलंय, हिला गोरी कुणी केली?

कुणी सांगितलं नव्हतं गं. रंगांचा तक्ता समोरच होता. काळ्या आकाशापुढे तिचा चेहरा बुडायला लागला, तशी मी एक छटा उजळ घेतली, मग आणखी एक. मी स्वतः तिच्याच रंगाची, आणि मलाच कळलं नाही, याची फार लाज वाटते. आठ दिवसांत दुरुस्त झालं नाही तर साहेब मला नारळ देणार. तू तीस वर्षं दुकानात लोकांचे फोटो रंगवलेस. चेहरा न उजळता तो दिसायचा कसा, तेवढं लगेच कळव.

लोभ आहेच, सध्या तो सल्ल्याच्या रूपाने धाड.

तुझी (स्वयंघोषित) लाडकी भाची


७ फेब्रुवारी

चि. भाचीबाईस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग येईना. ती खोड तुझी नाही, माझी आहे. शाळा सुटली की तू दुकानात माझ्या शेजारी ब्रश धरून बसायचीस. प्रत्येक चेहऱ्यावर एक गुलाबी हात फिरवायचा, हे मीच तुला शिकवलं. गिऱ्हाईक खूश व्हायचं आणि मी स्वतःला मोठी कलावंत समजायचे.

आता नीट ऐक. तिच्या चेहऱ्याला हात लावू नकोस. मागचं आकाश किंचित निळं कर, आणि गालाच्या कडेला उजेडाची बारीक रेघ दे. एवढ्या मोठ्या यानात दिवे असतीलच की! हे मला दुकान बंद झाल्यावर सुचलं. साहेबांना सांग, एका निवृत्त बाईचा फुकटचा सल्ला आहे.

जेवण वेळेवर घे. माया आहे तेवढाच धाकही आहे, हे लक्षात असू दे.

आत्या


१६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

साठच्या साठ पास! नोकरी शाबूत. साहेब ती उजेडाची रेघ आता स्वतःची कल्पना म्हणून सगळ्यांना समजावतात, मी मान डोलावते. रविवारी दुपारी तो भाग आपल्याकडच्या टीव्हीवरही लागेल. नक्की बघ आणि खरं काय ते लिही.

तुझ्या धाकातली भाची


२४ फेब्रुवारी

चि. भाचीस,
अ. उ. आ.

भाग पाहिला. शेजारणीलाही बळेच बसवलं. गोष्ट निम्मी डोक्यावरून गेली. ते यान कशाला पळत होतं देव जाणे. पण ती बाई हात पुसत पुढे आली आणि सगळे तिचं ऐकायला थांबले, तेव्हा मला रडूच फुटलं. सत्तर वर्षांत माझ्या रंगाच्या बाईला पडद्यावर हुकूम सोडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग सगळे अल्बम काढून बसले. त्यात माझा एकही खरा फोटो नाही. सगळे मीच रंगवलेले, गोरेपान. उद्या माझ्यामागे भिंतीवर लावाल, तर ही बाई कोण, असं घरातली पोरं विचारतील. तेव्हा सुट्टी काढ आणि कॅमेरा घेऊन ये. मी खिडकीपाशी बसेन. रंग आहे तसाच येऊ दे.

वाट पाहते.

तुझी काळी आत्या