टिकल्याची शेपटी

चिकलठाणा, औरंगाबाद
दि. १३ फेब्रुवारी १९७९

साहेबराव,

पत्राच्या वर काय लिहावं ह्यातच माझा चहा गार झाला. रामराम लिहावं तर तुला कसं वाटंल, आणि जय भीम लिहायला मला तोंड नाय. म्हणून नुसतं नाव लिहिलं. मी बरा आहे. आमची कस्तुराबाई बरी आहे, तुझ्या आईच्या, चंपामावशीच्या गुडघ्याचं विचारती.

तुझं कार्ड पोचलं. धरणावरचं काम कायम झालं हे वाचून लई बरं वाटलं. मावशी पैठणला आल्यापासून टिकल्याचा घोर लावून बसल्यात, आणि येत्या रविवारी पहिल्या एसटीनं येऊन तू त्याला नेणार, हे बी वाचलं. खुशाल ने. कुत्रा तुमचाच आहे, मी नुसता सांभाळला. तू लिहिलंस, "मुंजा, तू नसतास तर तो मेला असता, तुझे उपकार फिटणार नाहीत." ती ओळ मी चारदा वाचली आणि कार्ड फळीवर पालथं ठेवलं.

आता नेण्याआधी त्याचं काय काय करावं लागतं ते नीट समजून घे. ह्यात कुचराई झाली तर पाय पुन्हा आखडतील.

सकाळी उठल्या उठल्या मीठ तव्यावर गरम करायचं, फडक्यात बांधायचं आणि कमरंवर शेकायचं. आधी आपल्या मनगटाला लावून बघ, त्याला चटका कळत नाय सगळीकडं. मग तिळाचं तेल घेऊन पंजापासून वर मांडीकडं चोळायचं, उलटं नाय. मग त्याला कुशीवर घेऊन मागचा एकेक पाय दुमडायचा आणि सरळ करायचा, सायकल मारतात तसा, तीस वेळा. घाई करायची नाय. बोटांच्या मधी हळूच चिमटा काढ, तो पाय आत ओढंल. पहिले दोन महिने ओढत नव्हता. ज्या दिवशी ओढला त्या दिवशी कस्तुराबाईनं शेजारी गूळ वाटला, आणि शेजारणी विचारायला लागल्या की काय झालं, मुलगा का मुलगी.

मग पोत्याचा पट्टा पोटाखालनं घालून त्याला उभा करायचा. पट्टा तू धर, वजन त्याला घेऊ दे. जमिनीवर चार विटा मांडून त्यावरनं चालव, म्हणजे पाय फरफटत नाय, उचलतो. आठवड्यातनं दोनदा पाण्यात घाल. इथं मी मळ्यातल्या हौदात घालतो, पोटाखाली हात देऊन. पाण्यात अंग हलकं होतं आणि पाय आपोआप मारतो. तुमच्याकडं तर गोदावरीच आहे.

हे शहाणपण माझं नव्हं. आमच्या कारखान्यात पुंजाराम म्हणून एक आहे, प्रेसवर काम करतो. पोळा झाल्यावर त्याचा उजवा पंजा प्रेसमधी सापडला. सुट्टीच्या दिवशी मी त्याला धरून घाटी दवाखान्यात न्यायचो. तिथं एका खोलीत बाई असतात, त्या औषध देत नाहीत, नुसती कसरत करून घेतात. शेक देतात, एकेक बोट दुमडतात, परत सरळ करतात. पुंजाराम दात खात बसायचा आणि मी बघून घ्यायचो. घरी येऊन तेच टिकल्याला करायचो. एकदा बाईंनी विचारलं, तुम्ही का एवढं बारीक बघता? मी म्हणलो, घरी एक पेशंट आहे. कुत्रा आहे म्हणल्यावर हसल्या नाहीत. पाठीचं दुखणं कसं, लघवी कळती का, सगळं विचारलं आणि पाण्याचं त्यांनीच सांगितलं. एका कुशीवर फार वेळ ठेवू नका, कातडी सडंल, हे बी सांगितलं.

पुंजारामनं त्यांना विचारलं होतं, हात पहिल्यासारखा व्हईल का. बाई म्हणल्या, "पहिल्यासारखा नाही. पण डबा धरता येईल." आता तो डबा धरतो.

टिकल्या संक्रांतीला पहिल्यांदा पट्ट्याशिवाय उभा ऱ्हायला. आता नळापस्तोर जातो आणि परत येतो, कंबर जराशी डावीकडं पडती. तेवढं ऱ्हाईल.

हितं पत्र संपवावं असं लई वाटलं होतं. संपवलं असतं तर रविवारी तू आला असतास, चहा प्याला असतास, माझ्या गळ्यात पडला असतास. ते मला सोसायचं नाय, म्हणून लिहितो.

दिवाळीत एसटी स्टँडवर गाठ पडली, टिकल्या माझ्याकडं आहे म्हणल्यावर तू विचारलंस, "कुणी मारलं रे त्याला?" मी म्हणलो, गर्दीत कुणाचा तरी दगड लागला असंल. दगड नव्हता. माझी काठी होती.

विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला आणि आठ-दहा दिवसांत आपलं गाव पिसाळलं. त्या दुपारी तुम्ही सगळे जीव वाचवायला बाजरीत शिरला होता. वस्तीवर जी माणसं चालून आली त्यांच्यात मी होतो. मागं होतो. काडी लावली नाय, दार तोडलं नाय. पण होतो. घरी बसलो तर उद्या लोक मला जाब विचारतील, साहेबरावचा दोस्त म्हणून, ह्या भ्यानं गेलो. मावशीच्या हातची भाकरी खाऊन वाढलेला मी, तुमचं छप्पर पेटलेलं बघत उभा ऱ्हायलो.

टिकल्या धुरातनं भायेर आला. एवढ्या माणसांत त्याच्या ओळखीचा मी एकटा. कान पाडून, शेपटी हालवत सरळ माझ्याकडं पळत आला आणि पायात घोटाळायला लागला. कुणीतरी हसलं. म्हणलं, "मुंजाबा, तुला तर हितलं कुत्रं बी वळखतं की." सगळ्यांनी वळून बघितलं.

मी काठी उचलली. आम्ही मेंढरांमागं वाढलेली माणसं. कुठं हाणलं म्हणजे जनावर जागेवर बसतं पण मरत नाय, हे हाताला लहानपणापासून ठाऊक असतं. शेपटीच्या वर चार बोटं. तिथंच हाणली. वाटलं, लोकांना दिसंल बी आणि घटकाभरात तो उठून बी जाईल, हट्टी एडका उठतो तसा. कुत्र्याची कंबर एडक्याची नसती, हे कळलं नाय. तो नीट ओरडला बी नाय. खाली बसला, माझ्याकडं बघत ऱ्हायला, आणि त्याची शेपटी अजून दोनदा हालली.

तिसऱ्या दिवशी ओढ्यात सापडला. कोकराला घेतात तसा खांद्यावर टाकला आणि गाव सोडलं. लोक म्हणतात मुंजाबा नोकरीसाठी शहरात गेला. त्यांना तसंच म्हणू दे, तुला खरं सांगितलं.

मावशीला हे वाचून दाखवायचं का नाय, ते तू ठरव. मी माफी मागत नाय. मागायला समोर यावं लागतं, आणि सहा महिन्यांत मला पैठणची एसटी सापडली नाय असं तर नाय ना.

एकच सांगायचं ऱ्हायलं. मागच्या महिन्यात जनावरांच्या डॉक्टरनं त्याला तपासला. शेपटीला सुई टोचली तर त्यानं झटकन बाजूला घेतली. डॉक्टर म्हणले, शेपटीत काही दोष नाही, पूर्ण जान आहे. ह्या सहा महिन्यांत मी त्याला शेकलं, चोळलं, भाकरी घातली, नावानं हाक मारली. तो माझ्या हातातनं खातो, मी मारलं तिथंच मला चोळू देतो, गुरगुरत बी नाय. पण शेपटी हालवत नाय.

रविवारी तू दारात उभा ऱ्हा आणि त्याला नुसती हाक मार. मी आत असंन. मला भेटायचं का नाय ते मग बघ. शेपटी हालली तर मला आतनं बी कळंल, ती जमिनीवर आपटायचा तो आवाज मला ठाऊक आहे.

टिकल्यानं त्या दिवशी ज्याला वळखलं होतं, तो
मुंजाबा