नोंदवही श्रीधरला

मी, सरिता देवाजी रामटेके, वय ६१, अविवाहित, निवृत्त प्रोग्रामर, राहणार जरीपटका, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करून लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करायला घरात दुसरं कोणी नाहीच.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतली ठेव माझी भाची चिन्मयी हिला. कूलरही तिलाच. त्याच्या वाळ्याच्या ताट्या दर उन्हाळ्यात बदलाव्यात, माझ्यासारखा आळस करू नये.

२. पुस्तकं वस्तीतल्या विहाराच्या वाचनालयाला. जुना कीबोर्ड कोणाच्या गळ्यात मारू नये. त्याची तीन बटणं फक्त माझंच ऐकतात.

३. नोंदवही. ही कागदाची नाही. ऑफिसात श्रीधर पांढरीपांडे आणि मी मिळून एक फाइल ठेवायचो: नवं मशीन कसं लावायचं, कोणती कमांड कुठे चालवायची, कोडचे कामी येणारे तुकडे. सगळा विभाग त्यातून उचलून चिकटवायचा. श्रीधर आपल्या नोंदीखाली मशीन वगळून जातं अशी एक ओळ टाकायचा, "चहा घेतला का वं?" खाली मी उत्तर टाकायची. अशा एकोणचाळीस ओळी आहेत. त्या मी अजून वाचते. मला तो फार आवडायचा. त्याला कधी म्हटलं नाही, इथे म्हणते.

निवृत्तीनंतर ही वही मी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली केली. पुण्याची, कोचीची पोरं आभार लिहितात. पत्र आलं की मी आधी नाव बघते. त्याचं नसतं.

४. कबुली. डेटा पुसण्याच्या कमांडवर श्रीधरने लिहिलं होतं, "आधी बघा, कोणत्या मशीनवर आहात." वही नीटनेटकी करताना ती ओळ मी काढली. म्हटलं, एवढं तर कोणालाही कळतं. आठवड्याने श्रीधरनेच घाईत ती कमांड चिकटवली, चाचणीच्या मशीनऐवजी प्रत्यक्ष कामाच्या मशीनवर. ग्राहकांच्या तीन महिन्यांच्या नोंदी गेल्या. बॅकअपही जुना निघाला. साहेबांनी वही उघडली, तर कमांडवर नाव श्रीधरचं आणि इशारा कुठेच नाही.

व्हरांड्यात त्याने मला विचारलं, "सरिता, ती ओळ होती ना वं तिथं? मीच लिहिली होती."

"मले नाही आठवत," मी म्हटलं. घाबरले होते. नोकरी जाईल म्हणून घाबरले होते.

त्याने राजीनामा दिला. एकोणीस वर्षं तो सावनेरला लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. जुने सहकारी भेटले की अजून म्हणतो, मीच लिहायला विसरलो असेन.

५. माझ्या मृत्यूनंतर चिन्मयीने नोंदवही आणि कलम ४ ची प्रत श्रीधरला सावनेरला नेऊन द्यावी.

हे वाचून साक्षीदार शोभाताईंनी चष्मा काढला. "मेल्यावर काहून सांगून राहिली वं? सावनेर काय लंडनले आहे? त्याच्या तोंडावर सांग. त्यानं शिव्या दिल्या तं ऐकून घेजो."

"अन् त्यानं दार लावून घेतलं तं?"

"तं बाहेर बस."

खाडाखोडीचा खुलासा: कलम ५ मी दोन्ही साक्षीदारांसमोर रेघ मारून रद्द केलं आहे. त्याची अंमलबजावणी मी स्वतः, जिवंतपणी, उद्या रविवारी सकाळच्या सावनेर बसने करणार आहे. बाकी कलमं कायम.

ठिकाण: नागपूर
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२५

सही: सरिता देवाजी रामटेके

साक्षीदार, खाडाखोडीसह सर्व समक्ष पाहिलं:
१. शोभा मेश्राम, शेजारीण
२. कौशल्या बोरकर, शेजारीण