लाल रेघेखालचा कागद

भोर,
मंगळवार

प्रिय रत्ना,

पाकिटावरचं माझं नाव वाचून तू ते लगेच उघडलं नसशील. दोन-चार दिवस तू शिकवतेस त्या शाळेच्या कपाटात पडून राहिलं असेल. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कागद पडून राहिला की काय होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? उभी नोकरी त्यातच गेली. एवढंच मागतो की वाचायला घेतलंस तर शेवटपर्यंत वाच. रागाच्या भरात फाडू नकोस, कारण आत आणखी एक कागद आहे आणि तो तुझ्या कामाचा आहे.

इकडे सगळं ठीक म्हणायचं. मालिनीचे गुडघे दुखतात, तरी बाजारात स्वतःच जाते आणि मला पिशवी धरायला नेते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. मी चहा सोडला. मालिनी सगळ्यांना सांगते, यांना पित्त होतं. मीही मान डोलावतो. खरं असं आहे, की रोज दुपारी साडेतीनला ती कप पुढे ठेवायची आणि मला पायरीवर चपला काढल्याचा आवाज यायचा. करकरणाऱ्या, टाचेला झिजलेल्या चपला. मी उठून दार उघडायचो, बाहेर कुणी नसायचं. पहिल्यांदा ती हसली. आता ती कपच ठेवत नाही. पण चपला येतातच, रत्ना. मी आयुष्यभर देवाला आणि भुताला एकाच अंतरावर ठेवलेला माणूस, आणि आता दुपारची झोप टाळतो.

तुझे अण्णा आणि मी भोरच्या शाळेत एका बाकावर बसायचो. सावळाराम गुंजवण्याहून यायचा, इथे मामाकडे राहायचा. गणितात तो मला दाखवायचा, निबंधात मी त्याला. पुढे मी मुंबईला विधिमंडळात, सभागृहाच्या कचेरीत चिकटलो आणि तो शेतात. दर वर्षी नव्या आंबेमोहोराची पिशवी आमच्याकडे यायची, धरणात खालची खाचरं गेली त्या वर्षीसुद्धा आली. मालिनी म्हणाली होती, या वर्षी तरी घेऊ नका. मी घेतली. नाही म्हटलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं, असं मी स्वतःला समजावलं.

तुमच्या तक्रारीबद्दल तुला मी काय सांगणार? चाळीस घरांच्या सह्या आणि अंगठे तूच घेतलेस. पुनर्वसनाचे भूखंड ज्या समितीनं बघायचे, तिच्यावरच बसलेल्या, सभागृहाच्या त्या लांबच्या जिल्ह्यातल्या सदस्यानं अकरा भूखंड स्वतःच्या मेहुण्याकडे वळवले, हे सात-बारासकट तूच मांडलंस. कुणाचं नाव न वापरता, कुठल्या पक्षाच्या पाठिंब्याशिवाय. हे मुद्दाम लिहितो, कारण त्या वर्षी सदस्यांच्या गैरवर्तनाची चौकशी करणाऱ्या नीती समितीत माझ्याकडे तक्रारींचे गठ्ठे होते आणि त्यात असा एकच कागद होता. बाकी सगळे एकमेकांवर फेकलेले दगड. या बाजूनं त्या बाजूच्या सदस्यावर तीन तक्रारी केल्या, की त्या बाजूच्या चार यायच्या. कुणी सभागृहात अपशब्द काढला, कुणी सरकारी गाडी लग्नाला नेली. समितीच्या बैठकीत दोन्हीकडचे एकमेकांवर ओरडायचे, मग उपाहारगृहात एकाच ताटलीतली भजी खायचे. आम्ही इतिवृत्त लिहायचो.

त्या वेळचा नियम साधा होता. कुणाही नागरिकानं थेट समितीला लिहावं. सत्तेतल्यांना तो नियम नको झाला होता. बदल येणार अशी कुजबुज होती, पण कधी येणार हे कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या कचेरीची एक रीत होती. दुपारी चार वाजले की आवक नोंदवहीत शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ मारायची. रेघेच्या वर आजची तारीख, रेघेच्या खाली उद्याची. ही रीत कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती. पण आम्ही ती देवपूजेसारखी पाळायचो आणि त्याचा आम्हाला अभिमान होता.

तुझे अण्णा त्या दिवशी साडेतीनला आले. पहाटेची एसटी, कापूरहोळला दुसरी गाडी, मग मुंबईत विचारत विचारत. दारातच चपला काढल्या. सरकारी कचेरी म्हणजे देऊळच की त्याला. एका हातात तुझा कागद, दुसऱ्या हातात तांदळाची पिशवी. मी खुर्चीवरून उठून त्याला मिठीच मारली. म्हटलं, चल आधी चहा घेऊ. तो म्हणाला, "आदी कागद घे गंग्या, मग च्या." मी कागद घेतला, हसलो आणि म्हणालो, माझ्या हातात आला म्हणजे पोचलाच समज. आणि कागद कोटाच्या आतल्या खिशात घालून त्याला खाली नेलं.

दोन पावलांवर शिक्का होता, रत्ना. दोन पावलं.

चहा झाला, दुसरा झाला. तो तुझ्याबद्दलच बोलत होता. "पोरीनं लई कष्ट घेतलं. म्या नुसता टपाल्या." वर सभागृहात गलका चालला होता, बाकं वाजत होती. आम्हाला त्याची सवय होती. वर आलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. कुंडलिकनं, माझ्या हाताखालच्या कारकुनानं, रेघ मारून वही बंद केली होती. मी म्हटलं असतं तर त्यानं रेघेच्या वर जागा काढली असती, नव्हे, मीच साहेब होतो. पण शिस्त माझीच होती. एका दिवसानं काय बिघडतंय, म्हणून कागद टेबलाच्या खणात ठेवला. सावळाराम आमच्याच घरी मुक्काम करून सकाळच्या गाडीनं परतला. त्याला मी काही बोललो नाही, कारण बोलण्यासारखं काही झालंय असं मला वाटतच नव्हतं.

त्या गलक्यातच नियम बदलला होता. आयत्या वेळी प्रस्ताव आला, विरोधकांनी कागद फाडले, आवाजी मतदानानं संमत झाला आणि त्याच तारखेला दिवस संपताना लागू झाला. नागरिकानं आता थेट लिहायचं नाही, सदस्याच्या हातून आणि दहा सदस्यांच्या सह्यांनिशी लिहायचं. त्या दिवसापर्यंत आवक झालेले कागद मात्र जुन्या नियमानं चालणार. सकाळी मी तुझ्या कागदावर शिक्का मारला तो दुसऱ्या दिवसाचा.

विरोधकांना कुठूनतरी कळलं. त्यांनी आरडाओरडा केला की तक्रार आदल्या दिवशी आली आणि दाबली. तुमच्या भूखंडांची त्यांना पडली नव्हती, त्यांना सत्तेतल्यांना झोडपायला काठी हवी होती. वरिष्ठांनी मला बोलावून विचारलं, कागद कधी आला? निवृत्तीला दीड वर्ष होतं. मी एका ओळीचा खुलासा लिहून दिला: नोंदवहीतील तारीख बरोबर आहे. माझं अक्षर चांगलं, ती ओळ मोठी सुबक आली होती. पुढे तेच विरोधक सत्तेत आले. ज्या नियमाचे त्यांनी कागद फाडले होते, तोच त्यांनी छातीशी धरून ठेवला, कारण आता तो त्यांच्या माणसांना उपयोगी पडत होता.

"मुदतीनंतर प्राप्त" असं पत्र गुंजवण्याला गेलं आणि तुझ्या अण्णांचं नाव गेलं. चावडीवर तुमच्या गावच्या कोंडिबानं विचारलं म्हणे, कागद त्या दिवशी दिला न्हाई तर रात हुती कुठं? कापूरहोळच्या ढाब्यावर कुणाबरोबर बसून फुटला? तो एवढंच म्हणत राहिला, "म्या येळेत दिला." कुणाच्या हातात, ते सांगेना. तूही विचारलंस, त्यानं तुलाही सांगितलं नाही, आणि तू घरी येणं सोडलंस. त्याआधी मी त्याला फोन केला होता. सगळं कबूल केलं आणि म्हणालो, मी खरं बोललो तर नोकरी जाईल, पेन्शन जाईल. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे. दोगांचंबी कशाला बुडवायचं? म्या न्हाई तुजं नाव घेत." आणि घेतलं नाही, रत्ना. तू तोंडावर त्याला विकला गेलेला म्हणालीस, तेव्हाही नाही. ते शब्द त्यानं मला रडत सांगितले होते.

गेल्या वर्षी त्याच्या दहाव्याला मी नदीकाठी होतो. तू लांब, वडाखाली उभी होतीस. पिंडाला कावळा शिवेना. भावकीतल्यांनी एकेक करून सांगितलं, शेत सांभाळू, म्हातारीला बघू, रत्नाला अंतर देणार नाही. कावळे समोर फांदीवर बसून होते, एक खाली येईना. त्याला काय ऐकायचं होतं हे त्या गर्दीत एकट्या मला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं, चाळीस घरं समोरच उभी होती. मी गर्दीच्या मागे सरकलो. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि लोक पांगले. मी गाडीत बसलो तेव्हापासून चपला वाजतात.

आता हे पत्र लिहिण्याचं कारण सांगतो. परवा एक गृहस्थ आले होते, तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांना आणखी एकदा झोडपू पाहणारे. त्यांच्याकडून कळलं, नियम पुन्हा बदलतोय, जुन्या परत पाठवलेल्या तक्रारी नव्यानं घेणार आहेत, येत्या वीस तारखेपर्यंत. माझ्याकडून त्यांना हवा तसा खुलासा लिहून हवा होता. दुसऱ्या दिवशी पलीकडच्यांचाही फोन आला. दोघांनाही नाही म्हणालो. सोबतचा कागद म्हणजे माझं प्रतिज्ञापत्र आहे. तक्रार आदल्या दिवशी दुपारी साडेतीनला माझ्या हातात आली, उशीर माझा, खोटं माझं, असं स्पष्ट लिहिलं आहे. पेन्शनचं जे व्हायचं ते होऊ दे, मालिनीला सांगून झालंय. ती एवढंच म्हणाली, पाच वर्षं लागली तुम्हाला. येता रविवार सोडून पुढच्या रविवारी ग्रामसभा आहे, तिथे येऊन हेच मी तोंडानं सांगणार आहे. तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण समोर उभी राहा, वडाखाली नको. हा कागद कुठल्याही पक्षाच्या हातात देऊ नकोस, तक्रारीला जोडून तू स्वतः मुंबईला ने. तिथे कुणी ओळखीचं भेटलं, प्रेमानं बस म्हणालं, तर बसू नकोस. आधी शिक्का मारून घे, तारीख बघ, वेळ लिहून घे. पोच हातात पडल्याशिवाय कुणाचाही चहा घेऊ नकोस.

तुझ्या अण्णांचा, आणि तू ठेवलंस तर तुझाच,
गंगाधरकाका